चालकाशी बोलू नये

धाकटीच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या वर, जिथे इतर लोक निसर्गचित्र नाहीतर लग्नाचा फोटो लावतात, तिथे एक पत्र्याची पाटी होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं, एका कोपऱ्यात गंज, आणि मजकूर एवढाच: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. तिच्या बाबांनी ज्या बसवर उमेदीची वर्षं काढली ती बस भंगारात निघाली, तेव्हा डेपोवाल्यांनी आठवण म्हणून ती काढून दिली होती. दुसऱ्या कुणी ती माळ्यावर टाकली असती. बाबांनी ती जेवणघरात ठोकली. त्या दिवसापासून ते घर म्हणजे वाहन झालं, आणि ते कायम चालूच राहिलं.

बाबांना डेपोत सगळे उस्ताद म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. निवृत्त होईपर्यंत इतकी वर्षं बस हाकली, पण गाडीला कधी ओरखडा आला नाही. हे ते स्वतः कुणाला सांगत नसत. दुसरं कुणी सांगेपर्यंत फक्त वाट बघत. घरातही त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ओरडणं नाही, हात उगारणं तर लांबच. ते नुसते पाटीकडे बघत. तेवढ्यावर थोरली लेक वाक्य अर्ध्यात गिळायची, आई ताटाकडे बघायची आणि धाकटी तोंडात गुळणी धरून बसायची. थोरली पुढे लग्न करून लांबच्या शहरात गेली, आणि ऐकिवात असं आहे की तिथे तिला बोलताना थांबवावं लागतं.

पण खरं ते खरं. धाकटीला विमानाचं वेड लागलं ते याच बाबांमुळे. शाळेत जाताना ती त्यांच्याच बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर बसायची आणि त्यांची मान, आरसे आणि हात बघत राहायची. निघण्याआधी ते बसभोवती एक फेरी मारत, प्रत्येक चाकाला बुटाचं टोक लावून बघत. थांब्यावर गाडी अशी थांबवत की उभ्या असलेल्या म्हातारीच्या पिशवीतलं लिंबूसुद्धा घरंगळू नये. फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, तुझे हात हलके आहेत. ते हात कुणाचे आहेत हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

तिथे तिने काय नाही केलं? विमानं ठेवायचा हँगर झाडला, विमानं धुतली, हवामानाचे नकाशे डोळे दुखेपर्यंत वाचले. ढगात शिरल्यावर आपल्याला जे वाटतं त्यावर नाही, तर समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा हे शिकली. एकदा उडताना इंजिनाने आचके दिले तेव्हा शांतपणे माघारी वळून आली आणि मग स्वच्छतागृहात जाऊन ओकली. उड्डाणाचे तास साठत गेले, लायसन्स हातात आलं, आणि एका विमान कंपनीने निवड चाचणीला बोलावलं. मुलीच्या अंगात सगळं होतं. एकच गोष्ट नव्हती, आणि ती नाही हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

चाचणी सिम्युलेटरमध्ये होती. मोठ्या हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी केलेली खोली, आत खरंखुरं कॉकपिट, खिडक्यांबाहेर पडद्यावरचं आभाळ. डाव्या खुर्चीत कंपनीचे कप्तान, उजव्या खुर्चीत ती. विमान कप्तान चालवणार होते, तिने लक्ष ठेवायचं होतं. चार हजार फुटांवर येऊन थांबा, अशी सूचना रेडिओवर आली. तिने ती मोठ्याने परत म्हणून दाखवली. विमान खाली येऊ लागलं. चार हजार आले, आणि मागे पडले.

तिने पाहिलं. शब्द अगदी घशाशी आला. मग तिची नजर कप्तानांच्या मानेकडे गेली, कडक इस्त्रीच्या कॉलरीकडे, पिकलेल्या केसांकडे. एवढ्या अनुभवी माणसाला दिसलं नसेल का? काहीतरी कारण असेल. आपण कोण सांगणारे? काटा खाली सरकत होता आणि ती मान ताठ होती. मग समोरच्या ढगातून डोंगर आला, पडदा लाल झाला आणि सगळं थांबलं.

“उंची दिसली होती?” कप्तानांनी विचारलं.

“हो सर.”

“कधी?”

“चार हजारांच्या खाली गेल्या गेल्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही चालवत होतात,” धाकटी म्हणाली. हेच उत्तर बरोबर आहे असं तिला तोपर्यंत मनापासून वाटत होतं.

कप्तान हसले नाहीत. “हे मी मुद्दाम केलं,” ते म्हणाले. “इथे दोन खुर्च्या सोबतीसाठी ठेवलेल्या नसतात. तुम्हाला दिसलं होतं, तरी आपण दोघंही गेलो. काही महिन्यांनी आणखी एकदा बोलावू. तेव्हाही गप्प बसलात तर परत येण्याची तसदी घेऊ नका.”

घरी आल्यावर तिने जेवताना सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मोठ्या माणसापुढे तोंड उघडलं नाहीस,” ते म्हणाले, “यात नापास करण्यासारखं काय आहे? उलट शिस्त दिसली.” आणि त्यांनी समाधानाने पाटीकडे पाहिलं.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती आणि हा माणूस शाबासकी देत होता. आता कुणालाही वाटेल की तिने ताट ढकललं असेल, चार शब्द सुनावले असतील. छे. तिने मुकाट्याने भाजी वाढून घेतली. भूक नव्हती तरी संपवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती फ्लाइंग स्कूलमध्ये गेली तेव्हा मॅडम एका विमानाखाली वाकून तेल टिपत होत्या. बाई ठेंगण्या, केस बारीक कापलेले, आणि जीभ अशी की वैमानिक होऊन गेलेले बाप्येही त्यांच्यासमोर टोपी काढून बोलत.

“तोंड कुणासमोर उघडत नाही तुझं?” चाचणीचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं.

“मोठ्यांसमोर.”

“मी काय तुझ्या वर्गातली आहे? माझ्याशी तर रोज हुज्जत घालतेस.”

धाकटीने जरा विचार केला. “बाबांसमोर,” ती म्हणाली. “आणि जो कुणी बाबांसारखा बसतो त्याच्यासमोर.”

“मग इथे माझं इंधन कशाला जाळतेस? घरी शीक.” मॅडमनी फडका खांद्यावर टाकला. “आधी विचारायचं. नाही ऐकलं तर सांगायचं. तरी नाही ऐकलं तर बजावायचं. आणि तरीही नाही, तर सरळ हातात घ्यायचं. पहिल्या तीन वेळी आदर ठेव. चौथ्या वेळी ठेवू नकोस.”

धाकटीने त्याच संध्याकाळी सुरुवात केली. “बाबा, नळ चालू राहिलाय का?” इथपर्यंत जमलं. “बाबा, टीव्हीचा आवाज मोठा आहे,” हेही एकदा जमलं. त्यावर बाबांनी पाटीकडे नजर टाकली आणि हिची जीभ टाळ्याला चिकटली. दोनच पायऱ्या चढून ही पोरगी रोज खाली येत होती. विमान दहा हजार फुटांवर नेणारी.

दर रविवारी बाबा आपली जुनी मोटार काढून आठवड्याच्या खरेदीला जात. ते चालवणार, आई शेजारी, धाकटी मागे. आणि वाटेत आईला खोकला येणार. हा आईचा जुना आजार होता. घरात कधी नाही, गाडीत मात्र हमखास. रस्त्यावरची धूळ बाधते, असं निदान बाबांनीच करून टाकलं होतं. तिला ते दोन डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. एकाने घशात आरसा घालून पाहिला आणि घसा लहान मुलीसारखा आहे म्हणाला. तेव्हापासून गाडीच्या पुढच्या कप्प्यात मधाची बाटली असे.

त्या रविवारी धाकटी मागे बसून, आता सवयच लागली होती म्हणून, चालकावर लक्ष ठेवत होती. सिग्नल लाल झाला. गाडीचा वेग तसाच होता. आई खोकली. बाबांनी ब्रेक दाबला. पुढे गतिरोधक आला. आई दोनदा खोकली. गाडी हळू झाली. डावीकडून एक सायकलवाला आला तेव्हा आईला इतकी मोठी उबळ आली की बाबांनी गाडी थांबवून मधाची बाटली काढली.

मागच्या महिन्यात घराच्या फाटकाला गाडी घासली होती आणि बाबांनी फाटकालाच दोष दिला होता. ते पुढे सरकलंय म्हणे. आता तिला सगळं उमगलं. घरी गेल्यावर ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

“आई, तुला खोकला नाहीये.”

“हळू बोल,” आई म्हणाली.

“त्यांना नीट दिसत नाही, डावीकडचं तर अजिबातच नाही. कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. मी असते ना शेजारी.”

“आणि तू नसलीस तर? डोळे तपासून घ्या म्हणालीस कधी?”

“कुणाला?” आईने विचारलं. “चालकाला?”

पुढच्या रविवारी आईचा गुडघा धरला. मी चालवते, असं धाकटी म्हणाली तर बाबा हसले. “तू आभाळात चालव,” ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली. धाकटी आईच्या जागी जाऊन बसली. तिला खोकता आलं असतं. सोपं होतं, वर्षभर चाललेलं होतं, कुणाचा अपमानही झाला नसता. पण तिने मनाशी ठरवलं की काही झालं तरी खोकायचं नाही.

शाळेच्या पुढच्या वळणावर डावीकडच्या फुटपाथवरून एक बाई बाबागाडी ढकलत झेब्रा पट्ट्यांकडे येत होती.

“बाबा, डावीकडची बाई दिसतेय ना?”

बाबांनी वेग कमी केला नाही.

“बाबा, बाई पट्ट्यांवर उतरलीय. बाळ आहे बरोबर.”

“चालकाशी,” बाबांनी सुरुवात केली.

“बाबा, थांबा.”

“बोलू...”

धाकटीने हँडब्रेक ओढला. चाकं किंचाळली, पुढचा कप्पा उघडून मधाची बाटली तिच्या पायांवर पडली, आणि मोटार पट्ट्यांना जेमतेम टेकून उभी राहिली. बाईने एकदा वर पाहिलं आणि बाळाशी बोलत बोलत पुढे गेली. ती बरोबर काचेच्या मध्यावर आली तेव्हा कुठे बाबा दचकले.

“ही कुठून आली?” ते पुटपुटले. मग मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि त्यांचा चेहरा बदलला. “खाली उतर.”

“नाही.”

“माझ्या गाडीतून खाली उतर.”

“नाही उतरणार. किल्ली द्या, बाबा.”

“माझ्या गाडीला आजवर एक ओरखडा...”

“बसला नाही आला. आज त्या बाळाला आला असता.” तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. मला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. किल्ली द्या.”

लहानपणी ज्या मानेकडे ती तासन्‌तास बघत बसायची, ती मान एवढीशी झाली. बाबांनी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली, दार उघडलं आणि पायी घराकडे निघाले. मागून हॉर्न वाजत होते. धाकटी चालकाच्या जागी सरकली. तिला रडू येत होतं आणि पश्चात्ताप अजिबात होत नव्हता. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला नव्यानेच कळलं.

त्यानंतर बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते पाटीखाली बसून जेवत आणि उठून जात. तिला काही सांगायचं झालं तर आईला सांगत, ती समोर बसलेली असताना. धाकटीनेही किल्ली आपल्याच खिशात ठेवली. मागितली असती तरी तिने दिली नसती.

असेच काही दिवस गेले आणि एकदा जेवताना बाबा आईला म्हणाले, “तुझा खोकला बरा झाला वाटतं. शेवटी मधानेच गुण आला.”

आईने डाव खाली ठेवला. “मला खोकला कधी नव्हताच,” ती म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला.

“लाल दिवा आला की एकदा खोकायचे. गतिरोधक आला की दोनदा. माणूस आडवं आलं की जीव जाईपर्यंत. बोलायची सोय नव्हती ना. दोन दोन डॉक्टर झाले अहो, घशात आरसे घालून घेतले मी, पण बोलायची सोय नव्हती.”

सवयीने बाबांची नजर वर गेली.

“तिकडे काय बघताय?” आई म्हणाली. “माझ्याकडे बघा.”

आणि उठून तिने भांडी पुसायचा ओला फडका त्या पाटीवर वाळत घातला. तो चांगला मोठा होता, अक्षरं सगळी झाकली गेली. बाबा ताटावरून उठले. पण दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तेव्हाही फडका तिथेच होता, आणि त्यांनी तो काढला नाही.

कंपनीचं दुसरं बोलावणं आलं. तोच हॉल, तीच लोखंडी पायांची खोली, डाव्या खुर्चीत तेच कप्तान आणि तीच कॉलर. या वेळी उंचीची चूक झाली नाही. विमान धावपट्टीकडे निघालं, सगळं ठाकठीक होतं, आणि मग हळूहळू ते ठाकठीक राहिलं नाही. वेग हवा त्याहून जास्त, उंचीही जास्त. धावपट्टी झपाट्याने जवळ येत होती. अशा वेळी ओढूनताणून उतरायचं नसतं, पुन्हा वर जाऊन नव्याने यायचं असतं. हे शिकाऊ वैमानिकालाही माहीत असतं आणि मुरलेले वैमानिकही इथेच फसतात.

“कप्तान, वेग बघताय ना?”

कप्तानांची नजर धावपट्टीवरून हलली नाही.

“वेग जास्त आहे. उंचीही जास्त आहे.”

“मला दिसतंय.”

“असं उतरता येणार नाही. पुन्हा वर जाऊ या, कप्तान.”

“इतकी वर्षं मी काय गवत उपटलं?” कप्तान तिच्याकडे न बघता म्हणाले. “गप्प बसा.”

ती मान, ते पिकलेले केस, आणि गप्प बसा. सगळं ओळखीचं होतं. पण आता त्या मानेपुढे एक बाई बाबागाडी घेऊन चालत होती.

“कंट्रोल माझ्याकडे,” धाकटी म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

कप्तानांनी हात काढले नाहीत.

“सोडा. कंट्रोल माझ्याकडे.” या वेळी तिने ते विनंतीसारखं म्हटलं नाही.

कप्तानांचे हात सुटले. तिने इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक वर उचललं, आणि पडद्यावरची धावपट्टी पोटाखालून निघून गेली. वर शांत आभाळ आलं. तिचे हात हलके होते.

खोली थांबल्यावर कप्तानांनी चष्मा काढून पुसला. “जरा उद्धट वाटलं,” ते म्हणाले.

“वाटलं असेल, सर.”

“माझ्या जागी तुमचे वडील असते तरी असंच बोलला असता?”

“त्यांच्याकडून गाडीची किल्ली घेऊन झाली, सर. त्या मानाने तुम्ही सोपे होतात.”

कप्तान इतके मोठ्याने हसले की बाहेरचा तंत्रज्ञ दार उघडून आत डोकावला.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा आईने तिला मिठी मारली. बाबा दारात उभे होते. “बरं झालं,” एवढंच म्हणाले. किती दिवसांनी तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द. मग जायला वळले, थबकले, आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाले, “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गाडी काढशील का?”

तिने गाडी काढली. आई मागे बसली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा चालकाच्या शेजारी बसले, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. त्यांचा उजवा पाय पुन्हा पुन्हा नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. धाकटीचं मन मात्र आभाळात होतं. निवड झाली होती, रस्ता मोकळा होता आणि उतार होता.

बाबा खोकले.

मागच्या सीटवर आईने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. धाकटीने पायाचा दाब कमी केला नाही.

“घसा दुखतोय का, बाबा?”

“नाही.” आणि ते पुन्हा खोकले, या वेळी दोनदा.

“मग खोकू नका,” ती म्हणाली. “सांगा.”

“चालकाशी बोलू नये,” बाबा पुटपुटले. पण त्यात पूर्वीचा दम नव्हता.

“या गाडीत बोलायचं असतं.”

उतार संपत नव्हता. मग बाबांनी घसा साफ केला, खरोखरचा.

“धाकटे, वेग जास्त आहे.”

तिने काट्याकडे पाहिलं. खरंच जास्त होता.

“हो, बाबा,” ती म्हणाली आणि तिने पाय उचलला.